रीफ टँकमधील ॲनिमोनी वारंवार आक्रसते, भटकते, तोंड वासते : कारण शोधण्याचा क्रम

रात्री ताटाएवढी फुललेली ॲनिमोनी, म्हणजेच समुद्रफूल नावाचा मऊ अंगाचा सागरी प्राणी, सकाळी मुठीएवढी होऊन खडकाच्या कडेला लोंबकळताना दिसली की पाळणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आणि त्या घाईत तो जे पहिले पाऊल उचलतो तेच पुष्कळदा तिच्या मुळावर येते. माझ्या स्वतःच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, आणि ओळखीच्या हौशी मंडळींच्या टँकमध्ये मी हा बिघाड अनेक वेळा हाताळला आहे. त्यावरून एक गोष्ट मला खात्रीने सांगावीशी वाटते : बहुतेक वेळा ॲनिमोनीला रोग झालेला नसतो, तिच्या भोवतीचे पाणी किंवा प्रकाश अस्थिर झालेला असतो, आणि ही अस्थिरता मोजणारे आपले उपकरणच चुकीचे आकडे देत असल्यामुळे ती आपल्याला दिसत नाही.

लक्षणे

दिवे लागून दोन-तीन तास उलटले तरी ॲनिमोनी फुलत नाही, किंवा दिवसातून तीन-चार वेळा फुगून पुन्हा चोळामोळा होऊन पडते. तिचे तोंड एरवी घट्ट मिटलेल्या चिरेसारखे असते. ते सैल पडून उघडे राहते आणि कधी कधी आतील पांढुरके पापुद्रे बाहेर डोकावतात. तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या स्पर्शकांचा चिकटपणा जातो, त्यामुळे त्यांवर पडलेला अन्नाचा कण घसरून तळाशी जातो. पायाची पकड सुटते आणि ती काचेवर, पंपाच्या दिशेने किंवा खडकाच्या मागच्या अंधारात सरकू लागते. रंग आठवड्यागणिक फिका होत जातो आणि अखेर ती दुधासारखी पांढरी किंवा अर्धपारदर्शक दिसू लागते.

काही गोष्टी मात्र आजारासारख्या दिसल्या तरी आजार नसतात. ॲनिमोनीला अन्न घेण्यासाठी आणि टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्यासाठी एकच छिद्र असते, म्हणून खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत ती काही तास पूर्ण आक्रसते, तोंडातून तपकिरी धागे किंवा गोळे बाहेर टाकते आणि पुन्हा फुलते. बबल टिप ॲनिमोनीच्या स्पर्शकांच्या टोकांवरचे फुगे नाहीसे होऊन ती लांबट दिसू लागली, पण रंग, पकड आणि भूक शाबूत असली, तर काळजीचे कारण नाही. हीच जात उभी चिरून एकाच्या दोन होते आणि त्या दिवसांत तिचे तोंड वेडेवाकडे दिसते, तेही नैसर्गिकच आहे. नव्याने आणलेली ॲनिमोनी पहिले चार-सहा दिवस जागा शोधत फिरते, तेव्हा त्या हालचालीवरून निदान करण्याची घाई करू नये.

तपासणीला हात घालण्यापूर्वी

ॲनिमोनीला उचलू नका, ढोसू नका आणि खडकावरून ओढून काढू नका. पायाची चकती फाटली तर त्या जखमेतून संसर्ग शिरतो, आणि मूळ कारण किरकोळ असले तरी ही जखम प्राणघातक ठरू शकते. दुसरे पथ्य असे की एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. पाणी बदलले, दिव्याची तीव्रता कमी केली, नवीन पूरक द्रावण घातले आणि अन्नही बदलले, असे सारे एकाच संध्याकाळी केले, तर ॲनिमोनी सावरली तरी कशामुळे सावरली हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तीच अडचण परत दारात उभी राहते.

पहिली तपासणी : चोवीस तासांचे निरीक्षण

या तपासणीला काही खर्च नाही, तरी ती सर्वांत जास्त वगळली जाते. दिवे लागण्यापूर्वी, दुपारी, दिवे मालवण्यापूर्वी आणि मध्यरात्री लाल प्रकाशाच्या छोट्या विजेरीने ॲनिमोनी पाहावी आणि प्रत्येक वेळी छायाचित्र काढावे. ॲनिमोनीला हाडे नाहीत आणि कवचही नाही. तिचा आकार पोटात भरून घेतलेल्या पाण्याच्या दाबावर टिकतो आणि ते जुने पाणी बदलण्यासाठी तिला अधूनमधून आक्रसावेच लागते. रोज ठरावीक वेळी एकदा आक्रसून पुन्हा पूर्ण फुलणारी ॲनिमोनी निरोगी असते. आक्रसण्याला वेळापत्रक नसेल, किंवा ती एका दिवसापेक्षा जास्त काळ पडून राहिली असेल, तर पुढे जावे.

या निरीक्षणातून आणखी एक धागा हाती लागतो. आक्रसणे नेहमी दिवे पूर्ण तीव्रतेवर गेल्यानंतर होत असेल तर संशय प्रकाशावर जातो. पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी होत असेल तर नव्या पाण्यावर जातो. आणि रात्री होऊन सकाळी पायाजवळ ओरखडे दिसत असतील तर एखाद्या खेकड्यावर किंवा कोळंबीवर जातो.

दुसरी तपासणी : तापमान आणि क्षारता

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वाधिक तक्रारींचे मूळ येथेच सापडले, म्हणून या तपासणीवर जास्त लिहीत आहे. ॲनिमोनी आपल्या शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापासून वेगळे राखू शकत नाही. माशाचे मूत्रपिंड आणि कल्ले हे काम त्याच्यासाठी करतात. ॲनिमोनीच्या पेशींना मात्र पाणी जितके खारट असेल तितकेच खारट व्हावे लागते. त्यामुळे ज्या बदलाकडे ॲनिमोनीत वस्ती करणारा क्लाउनफिश मासा ढुंकूनही पाहत नाही, त्याच बदलाने ॲनिमोनी आक्रसते. मासे ठणठणीत आहेत म्हणून पाणी चांगले आहे, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

क्षारता दर हजारी 35 भाग असावी, म्हणजे 25 अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026. तापमान 24 ते 27 अंशांच्या दरम्यान असावे आणि एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त हलू नये. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. अडचण आकड्यांची नसते, उपकरणाची असते. क्षारता मोजणाऱ्या, काटा असलेल्या हायड्रोमीटरच्या पात्यावर हवेचा एखादा बुडबुडा किंवा क्षारांचा पातळ थर बसला तरी त्याचे वाचन बदलते. पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा असला तरी बाजारातील पुष्कळसे रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. ते शुद्ध पाण्याने शून्यावर लावले तरी 35 च्या आसपास दीड-दोन अंकांनी चुकू शकतात. म्हणून तो 35 भागांच्या प्रमाणित द्रावणानेच लावावा आणि हे काम महिन्यातून एकदा करावे. द्रावणाची छोटी बाटली हा या संपूर्ण यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे.

एका परिचिताच्या टँकमध्ये बबल टिप ॲनिमोनी दर दोन आठवड्यांनी आक्रसत असे. त्यांची वही नीटनेटकी होती आणि तिच्यात क्षारता प्रत्येक वेळी 35 लिहिलेली होती. प्रमाणित द्रावणाचा थेंब त्यांच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला तेव्हा तो 31 दाखवू लागला, म्हणजे टँकची खरी क्षारता 39 च्या घरात होती. दर पंधरवड्याला ते त्याच उपकरणाने मोजून नवे खारे पाणी तयार करत आणि त्याच चुकीची भर घालत. मासे या काळात खात-पीत होते, म्हणून शंका आली नाही.

चूक सापडली तरी ती एका दिवसात सुधारू नये. क्षारता दिवसाला एका भागापेक्षा जास्त बदलू नये, अगदी योग्य दिशेनेसुद्धा. जास्त असेल तर टँकमधील थोडे खारे पाणी काढून तेवढेच गोडे आरओ-डीआय (गाळणी आणि रेझिनमधून काढून क्षारमुक्त केलेले) पाणी सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत, हळूहळू सोडावे. कमी असेल तर बाष्पीभवनाची भरपाई काही दिवस खाऱ्या पाण्याने करावी. एरवी ही भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करायची असते, कारण वाफ होऊन पाणी उडते आणि मीठ टँकमध्येच राहते. 100 लिटरच्या टँकमधून 5 लिटर पाणी उडाले तर 35 ची क्षारता जवळजवळ 37 होते. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतणाऱ्याच्या टँकमध्ये हा हेलकावा दर आठवड्याला येतो. रोज थोडे थोडे पाणी घालणे, किंवा शक्य असल्यास आपोआप भर घालणारे साधन बसवणे, हा त्यावरचा उपाय आहे.

तापमान दोन वेगवेगळ्या तापमापकांनी पडताळावे आणि दुपारी व पहाटे असे दोन्ही वेळा मोजावे, कारण हीटरचा स्वयंचलित खटका चिकटला तर त्याचा पुरावा पहाटेच मिळतो.

तिसरी तपासणी : पंप आणि प्रवाह

भटकणाऱ्या ॲनिमोनीचा सर्वांत भीषण शेवट पॉवरहेडच्या, म्हणजे टँकमधील पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, जाळीत होतो, आणि तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. प्रत्येक पंपाच्या आणि वेव्हमेकरच्या (लाटांसारखा प्रवाह देणाऱ्या पंपाच्या) शोषणाच्या तोंडावर खरखरीत स्पंज किंवा बारीक जाळी बसवावी. स्पंज दर तीन-चार दिवसांनी टँकच्या काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा, अन्यथा तो तुंबतो, प्रवाह घटतो आणि पंप तापू लागतो. ही जाळी ॲनिमोनी आणण्यापूर्वीच बसवायची असते, पण ज्यांनी बसवली नसेल त्यांनी हे वाक्य वाचून झाल्यावर आधी तेच करावे.

प्रवाह एका दिशेने सतत अंगावर आदळत असेल तर ॲनिमोनी आक्रसून बसते; अगदी संथ असेल तर तिच्या अंगावरचा श्लेष्मा आणि टाकाऊ पदार्थ वाहून जात नाहीत. स्पर्शके गवतासारखी हलकेच डोलत असावीत, एका बाजूला दाबली जाऊ नयेत. जागेची गरजही जातीप्रमाणे वेगळी असते. बबल टिपला पाय आत रोवण्यासाठी खडकातील खोल फट लागते, तर हडोनी जातीच्या कार्पेट ॲनिमोनीला पाय गाडता येईल इतका वाळूचा थर लागतो. चुकीच्या जागी बसवलेली ॲनिमोनी कितीही उत्तम पाण्यात चालतच राहील, आणि अशा वेळी तिला परत आणून बसवण्यापेक्षा तिने निवडलेल्या जागेला मान देणे शहाणपणाचे ठरते.

चौथी तपासणी : पाण्याची रसायने

येथून थोडा खर्च सुरू होतो. चाचणीसंचाची मुदत आधी पाहावी. मुदत संपलेल्या संचाने शून्य दाखवलेला अमोनिया हा पुरावा नव्हे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) सुमारे 8.1 असतो आणि सामू जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारी मात्रा येथे खपत नाही.

नायट्रेटबाबत उलट चूक होताना मी पाहतो. पाणी अधिकाधिक स्वच्छ करण्याच्या ध्यासाने काही जण नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेतात आणि मग ॲनिमोनी फिकी का पडते हे त्यांना कळत नाही. तिच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. ते उपाशी राहिले तर तीही उपाशी राहते. नायट्रेट दर लिटरला 2 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम एवढे असू द्यावे. नायट्रेट 30-40 वर गेले असेल तर ते एका मोठ्या बदलाने नव्हे, तर आठवड्याला 10 ते 15 टक्के पाणी बदलत खाली आणावे.

अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर राखण्याची पाण्याची क्षमता, 8 ते 9.5 डीकेएच (हे तिचे एकक) ठेवावी आणि ती दिवसभरात अर्ध्या अंकाहून जास्त हलू देऊ नये. ॲनिमोनी प्रवाळांसारखा चुनखडीचा सांगाडा बांधत नाही, म्हणून कॅल्शियमचा आकडा तिच्या दृष्टीने दुय्यम आहे. परंतु प्रवाळांसाठी पूरक द्रावण एकदम ओतल्यावर सामू जो उसळतो, तो तिला नक्की जाणवतो. हे द्रावण थेंबाथेंबाने आणि जोरदार प्रवाहाच्या जागी घालावे.

नवे पाणी बनवताना मीठ आरओ-डीआय पाण्यात विरघळवून, पंपाने ढवळत आणि टँकच्याच तापमानाला आणून एक दिवस ठेवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरामिन नुसते पाणी साठवून ठेवल्याने जात नाही, आणि जुन्या तांब्याच्या नळातून येणाऱ्या पाण्यात थोडे तांबेही असू शकते. गाळणीतून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) शून्य यायला हवा. तो चढू लागला की रेझिन बदलण्याची वेळ झाली.

याच टप्प्यावर टँकचे वय विचारात घ्यावे. टँक सहा महिन्यांहून लहान असेल आणि सर्व आकडे बरोबर असूनही ॲनिमोनी बसत नसेल, तर त्यावर बाटलीतले औषध नाही. खडक आणि वाळूतील जिवाणूंची घडी बसायला वेळ लागतो, आणि तोवर ॲनिमोनी एखाद्या जुन्या, स्थिर टँकमध्ये ठेवायला देणे हाच तिच्या हिताचा निर्णय असतो. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण मी ते दरवेळी सांगतो.

पाचवी तपासणी : अन्न

आजारी ॲनिमोनीला जास्त खाऊ घालून बळ द्यावे, ही समजूत प्रेमापोटी येते आणि घात करते. आक्रसलेली, तोंड वासलेली ॲनिमोनी अन्न पचवू शकत नाही. आत कोंबलेला तुकडा तिच्या पोटातच कुजतो आणि ती तो दोन दिवसांनी श्लेष्मात गुंडाळून बाहेर टाकते. म्हणून आधी ती फुलू द्यावी. मग मायसिस (कोळंबीसारखा इवलासा जीव) किंवा बारीक चिरलेल्या कच्च्या कोळंबीचा, 5 मिलिमीटरपेक्षा मोठा नसलेला तुकडा चिमट्याने स्पर्शकांवर अलगद ठेवावा. तिने तो स्वतःहून तोंडाकडे नेला तरच दुसरा द्यावा. निरोगी ॲनिमोनीला आठवड्यातून एकदा पुरते. फिकी पडलेली, पण फुलणारी ॲनिमोनी असेल तर दोन-तीन वेळा अगदी लहान घास द्यावेत, कारण तिच्या शैवालांकडून मिळणारे अन्न घटलेले असते. दिलेला घास कोळंबी किंवा खेकडा पळवत नाही ना, हे दहा मिनिटे थांबून पाहावे.

सहावी तपासणी : प्रकाश

ॲनिमोनीच्या ऊर्जेचा मोठा भाग सहजीवी शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो, तेव्हा मंद प्रकाशात ती हळूहळू उपाशी मरते. ती लांबलचक ताणून दिव्याकडे वर चढत असेल तर प्रकाश अपुरा समजावा. पण अचानक तीव्र केलेला प्रकाशही तितकाच वाईट, विशेषतः पाणी गरम असताना, कारण अशा स्थितीत शैवालांमध्ये ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि ॲनिमोनी त्या शैवालांना शरीराबाहेर टाकून पांढरी पडते. खडकामागे लपणारी आणि फक्त मंद निळ्या प्रकाशात फुलणारी ॲनिमोनी बहुधा जास्त प्रकाशाची तक्रार करत असते.

बबल टिपसाठी 150 ते 300 पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) हा पट्टा मला योग्य वाटतो. मॅग्निफिका आणि जायगँटिया या जातींना त्याहून जास्त लागतो. पार मीटर महाग असतो, म्हणून तो विकत घेण्याऐवजी एका दिवसासाठी कोणाकडून उसना मिळाला तर पाहावा. नवा दिवा बसवला असेल किंवा ॲनिमोनी नवी असेल, तर निम्म्याहून कमी तीव्रतेपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत ती वाढवत न्यावी. टी-5 फ्लुओरोसंट नळ्या डोळ्यांना तेवढ्याच उजळ दिसल्या तरी सुमारे वर्षभरात त्यांचा उपयुक्त प्रकाश घटतो, तेव्हा बदलल्याची तारीख नळीवरच लिहून ठेवावी.

झगझगीत पिवळ्या, गुलाबी किंवा जांभळ्या रंगाची ॲनिमोनी विकत घेताना ती कृत्रिम रंगाने रंगवलेली असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी. तो रंग काही आठवड्यांत उतरतो आणि खाली पांढरा, शैवालहीन प्राणी शिल्लक राहतो. असा प्राणी वाचला तरी त्याला बरे व्हायला महिने लागतात.

सातवी तपासणी : शेजारी

लहान ॲनिमोनीत मोठी क्लाउनफिशची जोडी शिरली तर तिच्या सततच्या घुसळणीने ॲनिमोनी फुलतच नाही. मासे काही आठवडे जाळीच्या पेटीत वेगळे ठेवले की उत्तर मिळते. फुलपाखरू मासे आणि काही एंजलफिश स्पर्शके कुरतडतात. लेदर कोरलसारखे मऊ प्रवाळ पाण्यात रसायने सोडतात, त्यांच्यासाठी ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून दर तीन आठवड्यांनी बदलावा. कार्बन स्वस्त आणि निरुपद्रवी असल्यामुळे मी तो कारण पक्के होण्यापूर्वीच घालतो. एका वेळी एकच बदल, या पथ्याला मी दिलेली ही एकमेव सवलत आहे.

आठवी तपासणी : धातू आणि वीज

वरील सर्व बरोबर असूनही ॲनिमोनीसह गोगलगाई आणि कोळंबीही मलूल दिसत असतील, आणि मासे मात्र ठीक असतील, तर तांब्याचा संशय घ्यावा. माशांच्या परजीवींवरील अनेक औषधांत तांबे असते आणि ते खडकात व वाळूत शोषले जाऊन पुढे दीर्घकाळ थोडे थोडे सुटत राहते. टँक किंवा खडक पूर्वी कोणी वापरलेला असेल, तर त्यात कधी औषध घातले होते का हे विचारून घ्यावे. दुसरे छुपे उगमस्थान म्हणजे चुंबक. वेव्हमेकरच्या किंवा काच घासण्याच्या चुंबकावरील प्लास्टिकचे आवरण तडकले की खारे पाणी आत शिरते, चुंबक गंजतो आणि त्याच्या मुलाम्यातील निकेल व तांबे पाण्यात उतरतात. प्रत्येक चुंबक बाहेर काढून फुगवटा, भेग किंवा तपकिरी डाग दिसतो का ते पाहावे. माझ्या स्वतःच्या टँकमधील सर्वांत दीर्घ, जवळजवळ तीन महिने चाललेला बिघाड अशाच एका भेग पडलेल्या चुंबकाने घडवला होता. तो काढल्यावर, कार्बन आणि तांबे शोषणारे रेझिन घातल्यावर ॲनिमोनी दहाव्या दिवशी फुलली. घरगुती चाचणीसंच तांब्याची सूक्ष्म मात्रा पकडू शकत नाहीत, म्हणून संशय दाट असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत आयसीपी चाचणीसाठी (पाण्यातील मूलद्रव्यांच्या सूक्ष्म मात्रा मोजणाऱ्या चाचणीसाठी) पाठवावा. खर्च होतो, पण अंदाजाने टँक रिकामा करण्यापेक्षा तो कमीच असतो.

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा हीटरच्या काचेवर तडा दिसला, तर तपासणी तेथेच थांबवावी. पाण्याला पुन्हा हात न लावता मुख्य खटका बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. खाऱ्या पाण्यातून विजेची गळती शोधणे हे हौशी माणसाचे काम नाही. टँकच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) आहे की नाही, हेही त्याच भेटीत तपासून घ्यावे, आणि एरवीसुद्धा टँकमध्ये हात घालण्यापूर्वी हीटर व पंपांचे प्लग काढावेत.

नववी पायरी : संसर्ग, आणि जेथे आपण थांबायचे

नुकतीच समुद्रातून प्रवास करून आलेली ॲनिमोनी, पाणी आणि प्रकाश निर्दोष असताना, दिवसातून अनेक वेळा फुगत व कोसळत असेल, तोंड सतत उघडे असेल आणि अन्न नाकारत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो. मॅग्निफिका आणि जायगँटिया या जातींमध्ये हे जास्त दिसते. यावर प्रतिजैविके वापरली जातात हे खरे आहे, परंतु त्यांची निवड, मात्रा आणि कालावधी ठरवणे हे जलचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाचे काम आहे. उपचार नेहमी वेगळ्या टँकमध्ये होतात, कारण मुख्य टँकमध्ये घातलेले प्रतिजैविक अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही इजा करू शकते. अर्धवट माहितीवर गोळ्या पाण्यात टाकणे ॲनिमोनीसाठी धोक्याचे आहेच, शिवाय त्यातून औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. पशुवैद्यकाकडे जाताना वहीतील नोंदी आणि चोवीस तासांची छायाचित्रे सोबत न्यावीत.

पाळणाऱ्याच्या शरीराचीही काळजी घ्यावी. कार्पेट ॲनिमोनीचा दंश काहींना पुरळापुरता होतो, काहींना तीव्र प्रतिक्रिया देतो. श्वास घ्यायला त्रास, ओठांवर सूज किंवा चक्कर आल्यास तात्काळ डॉक्टरांकडे जावे. ॲनिमोनी बसलेला खडक बाहेर काढून घासण्याचा मोह होतो, पण त्यावर झोअँथिड (प्रवाळांसारखे, झुपक्याने वाढणारे छोटे जीव) असतील तर त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष उडू शकते. असा खडक कधीही उकळू नये. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

ॲनिमोनी मेली तर

‘तिचे वय झाले होते’ हे स्पष्टीकरण मी स्वीकारत नाही. सर जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेली एक साधी ॲनिमोनी, जिला पुढे ‘ग्रॅनी’ म्हणू लागले, बरणीतले समुद्राचे पाणी नियमित बदलत ठेवल्यामुळे 1887 पर्यंत जगली. तिच्यापाशी ना पंप होता ना दिवा, आणि ती थंड पाण्यातली जात होती हे मान्य, पण दोन वर्षांत मेलेल्या ॲनिमोनीला वार्धक्य चिकटवण्याआधी हे उदाहरण आठवावे.

मेलेली ॲनिमोनी ओळखणे सोपे आहे : पाय सुटलेला असतो, ऊती चिंध्यांसारख्या विरघळत असतात, काठीने हलकेच स्पर्श केला तरी चिकटत नाही आणि पाण्याबाहेर काढताच उग्र दुर्गंधी येते. एवढे दिसले की वाट पाहू नये. काही तासांत ती पूर्ण विरघळते आणि लहान टँकमधील अमोनिया इतका चढतो की मासेही जातात. जाळीने मोठा भाग आणि नळीने उरलेले तुकडे ओढून काढावेत, त्याच तापमानाच्या व क्षारतेच्या तयार पाण्याने 30 ते 50 टक्के पाणी बदलावे, ताजा कार्बन घालावा आणि स्किमर (फेसावाटे घाण बाहेर काढणारे साधन) चालू ठेवावा. एवढा मोठा बदल मी एकदम करायला सांगतो तो याच एका प्रसंगी, आणि म्हणूनच टँकच्या निम्म्याएवढे तयार खारे पाणी घरात नेहमी झाकून ठेवलेले असावे. त्यानंतर तीन दिवस रोज अमोनिया मोजावा. खडकाच्या फटीत उरलेला पायाचा एखादा तुकडा दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा चढवतो. तसे झाले तर तो खडक बाहेर काढून, वेगळ्या बादलीत टँकच्याच पाण्यात झटकून, स्वच्छ करूनच परत ठेवावा.